रोहिणीचें पाणी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसरच्या पुढें कांहीं मैलांवर लोणी काळभोर लागतें. खडकवासल्याच्या धरणांतून निघालेला मुठेचा कालवा या बाजूनेंच पुढें जातो. उन्हाळ्यांत पिकें माना टाकूं लागलीं कीं, पाण्याची पाळी केव्हां येणार, वरच्यांनीं किती घ्यावें आणि खालच्यांसाठीं किती उरावें, हा कालव्याकांठच्या शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न होतो. पाण्यापायीं भाऊबंदांत वैर पडणें ही गोष्ट दख्खनच्या कोणत्याही गांवास नवी नाहीं. भगवान बुद्धांच्या गृहत्यागाच्या मुळाशींही असाच एक तंटा असावा, असें धर्मानंद कोसंबी यांनीं प्रतिपादिलें आहे.

कोसंबींचा जन्म १८७६ सालीं गोमंतकांतील सांखवाळ येथें झाला. ‘बालबोध’ मासिकांतील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनास बुद्धाचा ध्यास लागला. १८९९ सालीं घर सोडून ते पुण्यास आले; पुढें काशी, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा प्रवास करून त्यांनीं पालि ग्रंथांचें अध्ययन केलें आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत ती भाषा शिकविली.

रूढ कथा सर्वांच्या परिचयाची आहे. शाक्य शुद्धोदनाचा पुत्र सिद्धार्थ याला वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी हीं चार दृश्यें पाहून वैराग्य आलें, आणि पत्नी व तान्हें मूल निजलेलें असतां मध्यरात्रीं तो निघून गेला. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या ग्रंथांत (१९४०-४१) कोसंबींनीं या कथेची छाननी केली. चार दृश्यांची हकीकत दीघनिकायांत विपस्सी नांवाच्या पूर्वींच्या बुद्धाविषयीं आलेली आहे. उलट मज्झिमनिकायांतील अरियपरियेसन सुत्तांत, आईबाप रडत असतां आपण घराबाहेर पडलों, असें स्वतः बुद्धच सांगतात. जो चोरून गेला, त्यानें आईबापांचे अश्रू कोठून पाहिले?

मग खरें कारण कोणतें? सुत्तनिपातांतील अत्तदण्ड सुत्तांत, अपुऱ्या पाण्यांतील माशांप्रमाणें तडफडत एकमेकांशीं झगडणारीं माणसें पाहून आपणांस भय वाटलें, असें बुद्ध सांगतात. शाक्य व कोलिय यांच्या मुलुखांमधून रोहिणी नदी वाहत असे. एकाच बांधाचें पाणी दोघेही शेतांस घेत. ज्येष्ठांत पिकें सुकूं लागतांच मजुरांत बाचाबाची झाली, तींतून एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला, आणि अखेरीस दोन्हीकडील क्षत्रिय शस्त्रें घेऊन उभे राहिले. कोलिय म्हणजे परंपरेप्रमाणें सिद्धार्थाचें आजोळ! अट्ठकथांत हा प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचा म्हणून येतो. पाण्याचें मोल अधिक कीं क्षत्रियांचें, असें विचारून बुद्ध तो तंटा मिटवितात. परंतु या कलहाची धग तरुणपणींच सिद्धार्थास लागली असावी, असें कोसंबींचें अनुमान आहे. तें सर्व विद्वानांस मान्य नाहीं, तथापि डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांतही गृहत्यागाचें कारण रोहिणीचा तंटा हेंच दिलें आहे.

हा मतभेद किरकोळ नव्हे. पहिली कथा खरी मानली, तर जरामरणास भ्यालेल्या एका पुरुषाच्या मोक्षाच्या शोधांतून हा धर्म निघाला. दुसरी मानली, तर माणसें माणसांवर शस्त्र कां उगारतात, या प्रश्नांतून तो निघाला.

परंपरेनुसार एकोणतिसाव्या वर्षीं सिद्धार्थ घराबाहेर पडला. आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्यापाशीं तो ध्यान शिकला, पण त्याचें समाधान झालें नाहीं. उग्र तपानें देह झिजविला, आणि तेंही व्यर्थ ठरल्यावर सोडून दिलें. पस्तिसाव्या वर्षीं उरुवेला येथें पिंपळाखालीं त्यास बोध झाला. ऋषिपतनांत, म्हणजे आजच्या सारनाथास, पांच तपस्व्यांस त्यानें सांगितलें कीं, दुःखाचें मूळ तृष्णेंत आहे, ती नाहींशी करतां येते, आणि त्यासाठीं अष्टांगिक मार्ग आहे. पुढें पंचेचाळीस वर्षें पायीं फिरून हाच उपदेश करीत बुद्ध ऐंशीव्या वर्षीं कुसिनारा येथें निर्वाण पावले.

या उपदेशानें रोहिणीचें पाणी एका थेंबानेंही वाढलें नाहीं. पण आहे तेवढें पाणी रक्त न सांडतां वांटून घेण्यास जें मन लागतें, तें कसें घडवावें, हें त्यानें शिकविलें. कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसणाऱ्या गांवांस या शिकवणीचें मोल निराळें सांगावें लागणार नाहीं.