नव्या ग्रामसंघाची माणसं निवडताना



ज्या गावांत नवा ग्रामसंघ उभा राहतोय, तिथल्या बायकांशी आज बोलायचं आहे. एकट्या गटाचा कारभार दहा-वीस जणींचा असतो. सगळ्या एकमेकींना ओळखतात, हिशोब चुकला तर त्याच बैठकीत कळतं. ग्रामसंघ झाला की गावातले सगळे गट एकत्र येतात. समुदाय गुंतवणूक निधी येतो, तो गटांना कर्जाऊ द्यायचा, वसूल करायचा, पुन्हा पुढच्या गटाला द्यायचा. म्हणजे दुसऱ्या वस्तीवरच्या बाईच्या हातात आपला पैसा जातो. ती बाई कोण असावी, हे ठरवायला बऱ्याच गावांत अर्धा तास दिला जातो. नाव पुकारायचं, टाळ्या वाजवायच्या, हार घालायचा, फोटो काढायचा. झालं.

आमच्या गावात ११ गट. आम्ही ठरवलं, पहिल्या बैठकीत कुणाचं नाव घ्यायचंच नाही. आधी कामं लिहायची. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवल्या आणि ज्या कामाची आठवण येईल ते लिहीत गेलो. बैठकीचा निरोप देणं. इतिवृत्त लिहिणं. रोकड मोजून घेणं. बँकेत जाणं, म्हणजे सकाळची एसटी, तिथली रांग आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी. थकलेल्या गटाकडे जाऊन बसणं. दर महिन्याला गटांच्या वह्या तपासणं. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदी भरणं. कामं मोजली तेव्हा दिसलं, अध्यक्षाच्या नावापुढे सगळ्यात कमी आणि लिपिकेच्या नावापुढे सगळ्यात जास्त. एक मावशी म्हणाल्या, "मग हार लिपिकेला घाला." हसू आलं, पण त्या बोलण्याने पुढची बैठक सोपी झाली. अध्यक्षपदासाठी ज्या दोन गटांत चुरस होती, तिथली हवाच निघाली.

नावं काढायला आम्ही गटांच्या जुन्या वह्याच उघडल्या. वर्षभरात कोण किती बैठकांना आलं, कुणाची परतफेड वेळेवर आहे, कुणाचं अक्षर दुसरीला वाचता येतं, हे सगळं त्यात असतं. गोड बोलणारी बाई आणि नीट काम करणारी बाई एकच असेल असं नाही. वसुलीच्या समितीवर आम्ही ज्यांना घेतलं त्या आजींना सही सोडून काही लिहिता येत नाही. पण कुणी किती उचलले, कोणत्या महिन्याचा हप्ता राहिला, हे त्यांना तोंडपाठ. वहीत आणि त्यांच्या बोलण्यात फरक पडला तर आम्ही वही पुन्हा तपासतो.

आता आमच्या भागाची खरी अडचण. हा बीड जिल्हा. दसरा झाला की गावातले अनेक कोयते कारखान्याला जातात, ते परत येतात उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे सहा महिने गटातल्या कितीतरी जणी फडात. त्यामुळे आजवर काय होत आलं? पदं मागे राहणाऱ्या बायकांकडे. ज्यांची थोडी जमीन आहे, घरात दुकान आहे, नवरा नोकरीला आहे, त्यांच्याकडे. त्या वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही, त्यांनीच गट टिकवले. पण कर्जाची सगळ्यात जास्त गरज ऊसतोडीच्या बाईला. मुकादमाची उचल घेऊन ती निघते. घरचं आजारपण, पोरीची फी, म्हातारीचं किराणा, सगळं त्या उचलीतून. ग्रामसंघाच्या खुर्चीवर ती कधी नसेल, तर कर्ज कोणत्या महिन्यात वाटायचं हेही तिच्या सोयीने ठरणार नाही. आमच्याकडे एका गटाने कर्जमागणीची बैठक डिसेंबरात ठेवली होती. मागणारीच गावात नाही! मग कर्ज मिळालं कुणाला, ते सांगायला नको.

म्हणून आम्ही असं केलं. प्रत्येक कामाला दोन जणी, एक मागे राहणारी आणि एक तोडीला जाणारी. पावसाळ्याचे सहा महिने तोडीवालीने काम बघायचं, दुसरीने सोबत बसायचं. दसऱ्याला वह्या हातात देताना दोघींनी मिळून शिल्लक मोजायची आणि खाली दोघींच्या सह्या. कर्जमागणीची बैठक भाद्रपदात, कोयते निघायच्या आधी. परतफेडीचा मोठा हप्ता हिशोबाचे पैसे हातात आल्यावर, म्हणजे चैत्र-वैशाखात, मधल्या महिन्यांत जमेल तेवढा छोटा. बँकेच्या सह्या मात्र अशा दर सहा महिन्यांनी बदलता येत नाहीत, दरवेळी ठराव आणि कागद लागतात. म्हणून खात्यावर तिघींची नावं ठेवली आणि पैसे काढायला त्यातल्या दोघींच्या सह्या. तिघींपैकी दोघी वर्षभर गावात राहणाऱ्या. हे अर्धवट वाटतं, आम्हालाही वाटतं. फडातली बाई बँकेच्या सहीपर्यंत अजून पूर्ण पोचलेली नाही.

सहीवाल्या एका चुलीच्या नकोत. सासू-सून, जावा-जावा चांगल्या असतील, पण घरात भांडण झालं तर ग्रामसंघाचा धनादेश अडतो, आणि घरात गोडी असली तर गावात कुजबुज होते. जी पैसा हाताळते तिने हिशोब लिहायचा नाही. जी लिहिते तिने तपासायचा नाही. शिक्का एकीकडे, पासबुक दुसरीकडे. शेजारच्या एका गावात शिक्का, पासबुक आणि सगळ्या वह्या एकाच हुशार मुलीकडे होत्या. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि पेटीची किल्ली तिच्यासोबत. तीन महिने गटांचे कर्जाचे कागद पुढे सरकले नाहीत. त्या पोरीने काय करायचं होतं, बाळंतपण पुढे ढकलायचं होतं का?

लिपिकेबद्दल थोडं स्पष्टच. बारावी झालेली मुलगी दिसली की सगळ्या म्हणतात, हिलाच द्या, हिला काय काम आहे. तिला काम असतं. आणि फुकटचं काम दोन-तीन महिने टिकतं, मग वह्या मागे पडायला लागतात. आमच्याकडे लिपिकेला मानधन आहे, प्रत्येक गटाच्या वहीमागे. वही पूर्ण झाली आणि तपासणाऱ्या दोघींनी पाहिली की त्याच बैठकीत तिच्या हातात. लग्न होऊन जाईल म्हणून मुलीला नाकारायचं नाही. ती जाईपर्यंत तिच्याशेजारी दुसरी तयार व्हायला हवी, एवढंच बघायचं.

आणि घरचे पुरुष. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी किती गावांत सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे मालक बसतात ते आपण बघतोच. ग्रामसंघात ते यायला दार उघडं नको. बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो, हे निवडीच्या वेळीच विचारा. नवऱ्याचा नंबर दिलेला असेल तर आधी तो बदला, मग सहीवाली नेमा. वह्या घरी ठेवायच्याच लागल्या तर कुलपाच्या पेटीत.

बाजूला कसं करायचं, हेही नाव घ्यायच्या आधी लिहून ठेवलं. न सांगता लागोपाठ तीन बैठका चुकवल्या की काम दुसरीकडे. नाव नसताना हा ठराव पाच मिनिटांत झाला. तोच नंतर करायला गेलं असतं तर दोन गट फुटले असते.

आता आमच्यापुढे एक काम उरलंय. वरच्या तांड्यावरच्या दोन गटांत वह्या तपासायला जोडीदारीण मिळत नाही, कारण तिथून जवळजवळ सगळ्याच जणी तोडीला जातात. मागे राहतात त्या म्हाताऱ्या आणि शाळेतल्या पोरी. नववी-दहावीच्या दोन मुलींना आजीसोबत बसवून वाचून दाखवायला लावावं, असं एकीने सुचवलंय. वाचणारी मुलगी, आठवणारी आजी. सही मात्र आजीचीच, कारण सभासद ती आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी यावर बैठक आहे. तुमच्या गावात असं काही करून पाहिलं असेल, तर आपल्या केंद्रावर निरोप द्या, आम्हाला त्या बैठकीआधी हवा आहे.