पौर्णिमेला भरणारा मेळा

कोकणातल्या मासळी बाजारात हेकरू तुम्ही पाहिला असेल. जाड ओठ, मोठा जबडा, भरलेलं अंग. त्याचा एक भाऊबंद कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांत राहतो. बहामातल्या नासाऊ शहराचं नाव त्याला मिळालंय: नासाऊ ग्रूपर.

हा मासा एकलकोंडा. प्रवाळातली एखादी कपार धरून राहतो. खेकडा किंवा लहान मासा टप्प्यात आला की जबडा असा झटक्यात उघडतो, की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. वाढतो मात्र फार सावकाश. अंडी घालण्याजोगा व्हायला 4 ते 7 वर्षं लागतात.

आणि मग हिवाळ्यातली पौर्णिमा येते. बेटाभोवतीचे हेकरू आपापल्या कपारी सोडून निघतात आणि उथळ तळ संपून खोल समुद्र सुरू होतो त्या एका ठरलेल्या कड्यावर जमतात. अंगावरचे पट्टे जातात. कुणी पाठीला काळा नि पोटाला पांढरा होतो, कुणी नखशिखांत काळा. दिवस मावळताना एखादी मादी वर झेपावते, मागे नर धावतात आणि पाण्यात अंड्यांचा ढग पसरतो. बहामातल्या अशाच एका मेळ्यात 30 हजार ते 1 लाख मासे असावेत, असा अंदाज 1972 साली प्रसिद्ध झाला होता.

ही तिथी कोळ्यांनाही ठाऊक. गळ टाकला की मासा. होडी भरलेली पाहून समुद्र रिता होतोय असं कुणाला वाटेल? पण त्या होडीत अख्ख्या बेटाचे मासे असतात. मला ही गोष्ट सर्वांत जास्त चटका लावते. केमन बेटांपैकी लिटल केमनजवळ 2001 मध्ये सुमारे 7,000 हेकरूंचा मेळा सापडला. दोन मोसमांत त्यातले 4,000 पकडले गेले.

2003 मध्ये तिथल्या सरकारनं मेळ्यावरची मासेमारी बंद केली. आपल्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, तसंच हे. पाणबुडे दर हिवाळ्यात उतरून मोजत राहिले. कित्येक वर्षं आकडा हलेना. अंड्यातून निघालेली पिल्लं महिनाभराहून जास्त प्रवाहाबरोबर वाहतात, त्यातली थोडीच शेवाळात टेकतात. शिवाय वयात यायला ती 4 ते 7 वर्षं. अखेर 2018 मध्ये मोजणी पुन्हा 7,000 च्या आसपास पोचली.