ठेवीवरचे कार्ड बंद करावे का?

पत म्हणजे काय? हा माणूस बोलल्या वेळी पैसे परत करील, हा दुसऱ्याचा विश्वास. आमची पत एकदा गेली. मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते थकले. मग कुठलीही बँक दारात उभी करीना.

तेव्हा आम्ही २०,००० रुपयांची मुदतठेव ठेवली. तिच्या तारणावर बँकेने क्रेडिट कार्ड दिले. महिन्याला थोडीच खरेदी करायची आणि सगळे बिल मुदतीत भरायचे, असे दोन वर्षे केले. लोक ज्याला ‘सिबिल’ म्हणतात, ते गुण ३०० ते ९०० असतात. आमचे हळूहळू चढले.

आता लेकीच्या शिक्षणाला पैसा हवा. वाटले, कार्ड बंद करू, ठेव मोडू. पण कर्जासाठीही अर्ज करायचा आहे. आमचे चालू खाते हे एवढेच. ते बंद केले, तर जुनी नोंद लगेच पुसत नाही. पण वेळेवर फेडीची नवी नोंद थांबते. कार्डाला वार्षिक फी नाही, ठेवीवर व्याज चालूच आहे. मग घाई कशाला?

आम्ही ठरवले, कर्ज मंजूर होईतो कार्ड ठेवायचे. पुढे बिनतारणी कार्ड मिळाले की हे बंद करायचे. आधी बाकी शून्य करायची, मग लेखी अर्ज. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला आहे: बाकी नसेल, तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे.

पतीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मागा आणि स्वतः वाचा. आता वाचता येते ना!