हंगामापुरती मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलायला सांगितले, ते वाढत्या वयाच्या मुलांच्या मनाविषयी. मी काही मानसशास्त्रातली विदुषी नव्हे. शाळेत मराठी शिकवण्यात उमर गेली, एवढीच माझी शिदोरी. आपल्या घरच्या मुलांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मी निराळ्या मुलांविषयी बोलणार आहे. ती आपल्या दारावरून रोज जातात आणि तरीही आपल्याला दिसत नाहीत.

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर टायरगाड्या दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथल्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर अशा तालुक्यांतून टोळ्या येऊन उतरतात. गाडीतळावर कोप्या उभ्या राहतात. पाच-सहा महिने तिथे एक गाव वसते आणि चैत्राच्या सुमारास ते उठून जाते. त्या गावातली बारा ते सोळा वर्षांची जी मुले, ती माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

त्यांच्यातल्या एका मुलीची मी अपराधी आहे. तिचे नाव सांगत नाही. ती कार्तिकात आठवीच्या वर्गात आली. अंगाने किरकोळ, बोलणे कमी, शेवटच्या बाकावर बसायची. एकदा मी ‘माझे गाव’ हा निबंध लिहायला दिला. तासाअखेर हिची वही कोरी. मी रागावले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “बाई, कोन्तं गाव लिहू?” सगळा वर्ग हसला. मला ते उद्धटपणाचे उत्तर वाटले आणि मी तिला तास संपेपर्यंत उभे ठेवले. पुढे आठवडाभर ती आली, मग येईनाशी झाली. मीही शोध केला नाही. हंगामाची मुले अशीच, येतात आणि जातात, असे मनाशी म्हणून मोकळी झाले. होळीच्या सुमारास वाढे विकायला आलेल्या बाईकडून कळले, की पोरीचे लग्न लागले. तिला चौदावे सरून पंधरावे लागले होते.

मी शोध केला असता तर ते लग्न टळलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण तिच्या बाजूने बोलणारे एक माणूस या गावात असते. तेवढेही नव्हते.

भगिनींनो, तिचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तोच या वयाचा खरा प्रश्न आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत मूल आईबापांचे असते. त्यानंतर ते स्वतःला विचारू लागते, की मी कोण, कुणाचा, मला कुठे जायचे आहे? एरिक एरिक्सन नावाच्या मनोवैज्ञानिकाने या वयाचे मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणे, असे सांगितले. तो स्वतः १९३३ साली युरोप सोडून अमेरिकेत गेला होता, म्हणजे परक्या गावात ओळख सांगण्याची अडचण त्यालाही ठाऊक असणार. आता पाहा, ज्या मुलीचे निम्मे वर्ष एका शाळेत आणि निम्मे दुसऱ्या शाळेत जाते, जिच्या बोलीला इथे हसतात आणि गावी गेल्यावर मागे पडली म्हणून हसतात, तिने कोणते गाव लिहावे?

त्यातून दिवसाचा क्रम पाहा. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात. मागे तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांची आई होते. पाणी, भाकरी, लेकरू सांभाळणे, सगळे तिच्यावर. याच वयात तिला पाळी येते, आणि कोपीला ना आडोसा, ना न्हाणी. मुलगा चौदाचा झाला की मोळ्या बांधायला उभा राहतो. वजनाची पावती वाचणे, मुकादमाचा हिशेब समजून घेणे, फोनवर बोलणे, हे अक्षर न आलेल्या आईबापांसाठी तोच करतो. अशा मुलांना मोठेपण लवकर येते. त्याचा त्यांना अभिमानही असतो, पण आपले भय सांगायला मोठे माणूस उरत नाही. मग पोट दुखते, झोप उडते, खेळ सुटतो, मूल गप्प तरी बसते नाहीतर अंगावर येते. आपण त्याला आळशी किंवा उर्मट म्हणतो.

कुणी म्हणेल, आईबापांनाच कळायला नको का? मी त्यांना दोष देत नाही. टोळीत एक जोडपे म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि ती फेडेपर्यंत सुटका नाही. लग्न झाले की कोयता पुरा होतो. शिवाय वयात आलेली मुलगी कोपीत एकटी ठेवायची कशी, आणि गावी म्हाताऱ्यांकडे ठेवली तरी तिच्याकडे पाहायचे कुणी, हे भय खरेच असते. अठराच्या आत मुलीचे लग्न करू नये, असा २००६ चा कायदा सांगतो. पण कायदा त्या आईच्या काळजीला उत्तर देत नाही. ते उत्तर शेजाराने द्यायचे असते.

आपल्यातही काही जणी म्हणतात, ती बाहेरची माणसे, आपण कशाला पडा? बायांनो, आपण तरी कुठे सगळ्या इथल्याच? १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, तेव्हा सासवडकडचे माळी इथे आले आणि उसाची शेती वाढली. वालचंदनगर तर वसलेच बाहेरून आलेल्या कामगारांवर. पुढे उजनीचे पाणी चढले आणि इंदापूर तालुक्यातल्या कित्येकांना आपले गाव सोडून नव्या जागी चूल मांडावी लागली. आपल्या एखाद्या आजीलाही, कोणते गाव सांगू, असा प्रश्न पडला असेलच.

आता आशेची गोष्ट सांगते. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सर्व मुलांवर एमी वर्नर या विदुषीने कित्येक दशके लक्ष ठेवले. त्यांतल्या पुष्कळांचे आईबाप किंवा आजेआजोबा परदेशांतून उसाच्या नाहीतर अननसाच्या मळ्यांत राबायला आलेले होते. गरिबी, घरातली भांडणे, आजारपण अशी अनेक संकटे ज्यांच्या वाट्याला एकदम आली, त्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले तरीही धडधाकट मनाची, कर्तबगार माणसे झाली. ती कशामुळे तरली, याचा शोध घेताना एक गोष्ट वारंवार आढळली. त्या प्रत्येकाला मायेने आणि भरवशाने पाहणारे निदान एक मोठे माणूस मिळाले होते. कुणाला आजी, कुणाला शिक्षक, कुणाला शेजारीण.

शेजारीण, हे ध्यानात घ्या. ते काम आपल्याला येते.

म्हणून मी मंडळापुढे चार साध्या गोष्टी ठेवते. पहिली, गाडीतळावरच्या मुलांना ‘ऊसतोडीची पोरं’ न म्हणता नावाने हाक मारावी आणि त्यांच्या गावाची चौकशी करावी. दुसरी, हंगामाच्या आरंभी दोन-दोन जणींनी तळावर जाऊन शाळेबाहेरच्या मुलांची नावे जवळच्या शाळेत सांगावीत. गावाहून शिक्षण हमी कार्ड आणले आहे का, ते पाहावे. तिसरी, मंडळाची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी उघडी ठेवावी. तिथे दिवा असावा, पाणी असावे, पाळीचे सामान असावे, आणि उपदेश करणारे कुणी नसावे. चौथी, लग्नाची कुणकुण लागली किंवा मूल संकटात दिसले, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. मनाचा त्रास वाढलेला दिसला तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकही चालतात. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

मात्र एक पथ्य पाळा. या मुलांची कीव करू नका. तेराव्या वर्षी घर चालवणारी मुलगी आपल्यापेक्षा पुष्कळ जाणते. तिला दया नको असते. तिला हवे असते ते आपली ओळख ठेवणारे माणूस. यंदा गेली तर पुढच्या दिवाळीला, “आलीस का गं? नववीत गेलीस ना?” असे विचारणारे.

ती कोरी वही अजून माझ्या कपाटात आहे. तिचे मालकीण कुठल्या तळावर असेल, ठाऊक नाही. तिचे लेकरू कदाचित आता शाळेच्या वयाचे झाले असेल, आणि कुणी सांगावे, एखाद्या हंगामात ते आपल्याच गावी उतरेल. त्याने कोणते गाव लिहू असे विचारले, तर “दोन्ही लिही बाळा, दोन्ही तुझीच आहेत,” असे सांगणारी एक तरी बाई इथे असावी, एवढीच माझी इच्छा आहे.