पंपघरामागचा बिडाचा कठडा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. निवृत्त माणसाच्या हाती माइक देण्याची जोखीम त्यांनी घेतली, त्याबद्दल त्यांचे आभार.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘जुने भंगार विकणे’ असा एक विषय आहे. त्या भंगारातला मोठा भाग म्हणजे पंपघरामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या ११ लोखंडी चौकटी. आपल्या या प्लॉटवर पूर्वी जो वाडा होता, त्याच्या माडीच्या सज्ज्याचा हा कठडा. वाडा पाडला तेव्हा कुणीतरी शहाणपणाने तो बाजूला ठेवला. तेव्हापासून त्यावर पायपुसणी वाळतात.

हे लोखंड साधं नाही, बीड आहे. बीड म्हटलं की मुलांना शेजारचा जिल्हा आठवतो, पण इथल्या आजीबाईंना बिडाचा तवा आठवेल. यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यामुळे शुद्ध लोखंडाला वितळायला १५०० अंशांच्या वर उष्णता लागते, तर बीड १२०० अंशांच्या आसपासच पातळ होतं आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतं. लाकडाचा नमुना कोरायचा, तो ओलसर वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत रस ओतायचा. लोहाराने ठोकून केलेली जाळी दरवेळी थोडी वेगळी होते. इथे मात्र एका नमुन्यावर शेकडो चौकटी निघतात, पान न् पान सारखं. आपल्या चौकटी एकमेकींशेजारी लावून बघा. कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघही दिसेल.

एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या मॅकफर्लेन कंपनीसारखे कारखाने अशा कठड्यांचे, खांबांचे, कारंज्यांचे छापील कॅटलॉग काढत. आकडा कळवायचा, माल बोटीने यायचा. आजचं ऑनलाइन शॉपिंग काही फार नवीन नाही! मुंबईचं वॉटसन हॉटेल तर १८६०च्या दशकात विलायतेत लोखंडी सांगाडा तयार करून इथे आणून जोडलं. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच. पण सगळंच तिकडून आलं असं समजू नका. व्हीटी स्टेशनच्या शोभेच्या कठड्यांचं आणि जाळ्यांचं काम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलं, आणि ती इमारत १८८८ साली पुरी झाली.

आपल्याकडे, निजामाच्या मुलखात, हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाइन १९००च्या सुमारास सुरू झाली. बैलगाडीवरून एवढं वजनदार आणि वर ठिसूळ सामान आणणं म्हणजे निम्मं वाटेतच मोडायचं. रेल्वे आली आणि ज्यांना परवडत होतं त्यांच्या माड्यांना असे कठडे लागले. परभणीतले तसे वाडे एकेक करून गेले. लाकूड जळणात गेलं, बीड भट्टीत गेलं. कुणाला दोष देत नाही, घरं पुरत नव्हती. आपण सगळे त्याच जागेवर राहतो आहोत.

आता विकावं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला पैसे हवेत, चौकटी जागा अडवतात, पोरांना लागतं. तिन्ही मुद्दे खरे. पण बँकेत अनेक वर्षं डेडस्टॉक रजिस्टर सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो, घसारा धरून धरून वस्तूची पुस्तकी किंमत १ रुपया राहते, म्हणून ती वस्तू १ रुपयाची होत नाही. भंगारवाला वजन करणार, नक्षी नाही. आलेली रक्कम गच्चीच्या एका कोपऱ्याला पुरेल, आणि गच्ची पुन्हा गळेलच.

त्या चौकटी गॅलरीला किंवा गच्चीला लावा, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. त्यांची उंची कमी आहे आणि बीड दाब सोसतं, ताण आणि धक्का सोसत नाही. ते वाकत नाही, एकदम तुटतं. वॉटसनच्या सज्ज्याचा भाग २००५ साली कोसळला, देखभालीविना काय होतं ते तिथे दिसलं. आपल्या चौकटी जमिनीवरच शोभतील, कडुनिंबाच्या पारासमोर, जिथे संध्याकाळी मंडळी बसतात. पाया सिमेंटमध्ये गाडताना पाणी साचणार नाही असा उतार द्यायचा, कारण गंज फुगतो आणि दगडसुद्धा फोडतो. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा हात, वर काळा ऑइलपेंट. दोन चौकटी मोडलेल्या आहेत, त्यांना नेहमीचं वेल्डिंग चालणार नाही, बिडाचा वेगळा रॉड लागतो आणि करणाराही जाणता लागतो. नऊ धड आहेत, पाराला तेवढ्या पुरतात.

सभेत हा विषय निघेल तेव्हा विक्रीच्या ठरावाला मी दुरुस्ती सुचवणार आहे. रंगाचा खर्च मी आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरची मंडळी मिळून करू, सोसायटीच्या खात्याला हात लावायचा नाही. अनुमोदनाला एक सभासद हवा. आणि बालमित्रांनो, रविवारी सकाळी आठ वाजता पंपघरापाशी या, जुने कपडे घालून. काही कारखाने आपलं नाव मालावरच ओतत असत. रंगाचे थर खरवडून ते कुठे आहे का, ते आपल्याला शोधायचं आहे.