जामीनदार कोण?

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पालकाची सही आणावयास सांगितलें कीं तो मान खालीं घालून उभा राही. मीं त्याला दोनदां छडी मारली. मागाहून कळलें, त्याची आई कच्च्या कैदेंत होती. तें शल्य अजून जात नाहीं.

स्त्रीच्या अपराधाचा निवाडा समाज फार लवकर करतो. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सौम्य करण्यांत आली. त्या वेळीं स्त्रीजातीवर उठलेल्या टीकेस ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलें.

कायदा आज पुष्कळ सौम्य आहे. गंभीर आरोपांतही स्त्रीला जामीन देण्याची मुभा न्यायालयास आहे. ऐपत न पाहतां तिला सरकारी खर्चानें वकील मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या निर्णयाप्रमाणें मूल सहा वर्षांचें होईपर्यंत तुरुंगांत आईजवळ राहूं शकतें. माझा विद्यार्थी त्याहून मोठा होता.

अडतें तें निराळ्याच ठिकाणीं. पुरुष कैद्यासाठीं आई, बायको कचेरीचे हेलपाटे घालतात. स्त्री पकडली गेली कीं सासर दार लावतें आणि माहेर ओळख विसरतें. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाहीं. अशा मातांना न्यायाधीशांनीं जातमुचलक्यावर सढळपणें सोडावें, एवढी माझी विनंती आहे. आणि आपल्या गल्लींतील अशा घरचें मूल दिसलें, तर त्याची सही मागण्यापूर्वीं त्याची विचारपूस करावी.