एका आराखड्यातील अनेक घरे



हुबळीच्या किंवा धारवाडच्या एखाद्या नव्या वसाहतीतून सायंकाळी फेरफटका मारताना जरा मान वर करून पाहावे. पुष्कळ घरांच्या गच्चीवर, खांबांच्या माथ्यांतून, लोखंडी सळ्यांचे जुडगे आकाशाकडे तोंड करून उभे असलेले दिसतात. मालकास विचारले तर उत्तर ठरलेले असते: "पुढे मागे वरचा मजला चढवायचा आहे." वर्षे लोटतात, पावसाळ्यामागून पावसाळे त्या सळ्यांवर कोसळतात, गंज चढत जातो, ज्या मुलासाठी मजला चढवावयाचा तो बंगळुरास स्थायिक होतो, सळ्या मात्र तशाच राहतात. मजला चढवू असेही कोणी निश्चयाने म्हणत नाही आणि नको असेही म्हणत नाही. न मिटलेल्या पर्यायाचे इतके उघडे दर्शन दुसरीकडे क्वचितच घडेल.

आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते अशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या सळ्यांविषयी. गेल्या पाव शतकात घरांचे आराखडे करण्याची रीत पार बदलली. पूर्वी नकाशेनवीस पारदर्शक कागदावर शाईने रेघा ओढी आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढी. मालकाने दुसरी कल्पना सुचविली की नवा कागद, नवी मेहनत, निदान एका दिवसाची मजुरी. त्यामुळे दुसरा पर्याय मागण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी, आणि तिसरा मागावयास तर संकोचच वाटे. आता संगणकावर रेघा ओढीत नाहीत, घरच बांधतात. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. तिला जाडी आहे, उंची आहे, ती विटांची की काँक्रीटच्या ठोकळ्यांची हे तिच्याबरोबर नोंदलेले असते, आणि तीत बसविलेल्या दारास आपण कोणत्या भिंतीत आहोत हे ठाऊक असते. अशा संगणकीय प्रतिकृतीची मूळ कल्पना अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ सालीच मांडली होती. पुढे बुडापेस्ट येथील, १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट संस्थेचे 'आर्किकॅड' आले. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एका छोट्या कंपनीने 'रेव्हिट' ही आज्ञावली केली आणि २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. आज आपल्या जुळ्या शहरांतील तरुण अभियंत्यांना आणि वास्तुरचनाकारांना ही नावे घरच्यासारखी झालेली आहेत.

या आज्ञावलींत एक सोय आहे आणि तीच आजचा विषय. एकाच प्रतिकृतीत एकाच घराचे अनेक पर्याय शेजारी शेजारी नांदू शकतात. रेव्हिटमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे, आर्किकॅडमध्ये ती २०२३ साली आली. तिची रचना समजावयास कठीण नाही. प्रत्येक वादाच्या मुद्द्यास एक संच करावयाचा. संच म्हणजे प्रश्न, आणि त्यातील पर्याय म्हणजे त्या प्रश्नाची उत्तरे. एका उत्तरास 'मुख्य' ठरवावयाचे. ज्या भागाविषयी वाद नाही तो मूळ प्रतिकृतीत राहतो आणि सर्व पर्यायांना सामाईक असतो.

उदाहरणच घेऊ. समजा, धारवाडच्या मालमड्डीत ४० बाय ६० फुटांची जागा आहे. तीवरील जुने कौलारू घर उतरवून नवे बांधावयाचे आहे. आई धारवाडात आहे, थोरला मुलगा हुबळीस शिक्षक आहे, धाकटा पुण्यास नोकरीत. पहिला प्रश्न जिन्याचा. जिना घरातून न्यावा की बाहेरून? वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु जिना आत आला तर वरचा मजला धाकट्याचा होतो. सुटीत आलेली नातवंडे आजीच्या खोलीतून धावत वर जातात. जिना बाहेर गेला तर वरचा मजला भाडेकरूचा होतो, आणि त्या भाड्यावर आईचा औषधपाण्याचा खर्च भागतो. धाकटा कधी काळी परत येणार आहे काय, हा घरात कोणी तोंडाने न विचारलेला प्रश्न त्या जिन्याच्या रेघेत दडलेला असतो. शिवाय आतल्या जिन्यास जागा लागते. दहा फुटांची मजल्याची उंची आणि सहा इंचांची पायरी धरली तर वीस पायऱ्या होतात. दुमडून घातला तरी साडेतेरा बाय साडेसहा फूट, म्हणजे जवळजवळ ९० चौरस फूट खर्ची पडतात. एक लहानशी खोलीच ती!

दुसरा प्रश्न छपराचा: मंगळुरी कौलांचे उतरते की सिमेंटचे सपाट? तिसरा स्वयंपाकघराचा, आणि त्याची तीन उत्तरे. दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा घरे झाली. आणखी दोन प्रश्नांना प्रत्येकी तीन उत्तरे दिली की एकशे आठ. संगणकास याचा भार वाटत नाही. भार वाटतो तो जेवणाच्या ताटावर बसून निर्णय घेणाऱ्या तीन माणसांना.

लंडनच्या सेंट पॉलच्या महामंदिराच्या वेळी क्रिस्टोफर रेन याने १६७३-७४ मध्ये एका पर्यायाची ओक लाकडाची प्रतिकृती करविली. ती सहा मीटरांहून लांब आहे, तिला लंडनमधील एका चांगल्या घराइतका खर्च आला, आणि ती आजही त्या मंदिरात पाहावयास मिळते. तो पर्याय धर्माधिकाऱ्यांनी नाकारला. आपल्या प्रदेशात तर पर्याय चक्क दगडात बांधलेले सापडतात. पट्टदकलच्या एकाच आवारात उत्तरेकडील नागर शिखरे आणि दक्षिणेकडील द्राविड विमाने शेजारी शेजारी उभी आहेत. विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन ही दोन मंदिरे तर दुसऱ्या विक्रमादित्याच्या दोन राण्यांनी आठव्या शतकात, जवळजवळ एकाच धर्तीवर बांधविली. राजघराण्यास तेवढी ऐपत होती. मालमड्डीच्या शिक्षकास ती नाही, म्हणून त्याला संगणकातील पर्यायांचे मोल अधिक. तीस वर्षांच्या कर्जावर उभे राहणारे घर त्याला एकदाच बांधावयाचे असते.

मग बिघडते कोठे? बिघाडाचे पहिले स्थान म्हणजे सामाईक भाग आणि पर्याय यांची सरमिसळ. दार भिंतीच्या आधाराने राहते. जिन्याजवळची भिंत पर्यायात घातली आणि तिच्यातील दार सामाईक ठेवू म्हटले तर आज्ञावली ते मानीत नाही; दार भिंतीबरोबर जावे लागते. मजल्यांच्या पातळ्या तर पर्यायात घालताच येत नाहीत. एका पर्यायात मजल्याची उंची दहा फूट आणि दुसऱ्यात बारा असेल, तर तो एका घराचा पर्याय राहिलाच नाही, ते दुसरे घर झाले. त्यासाठी वेगळी फाईल करून ती मूळ फाईलीस जोडणे हाच प्रशस्त मार्ग होय. माझे मत असे की सामाईक भाग शक्य तितका मोठा आणि पर्याय शक्य तितका लहान ठेवावा. उत्साही तरुण नेमके उलट करतात. अर्धे घर पर्यायात ओढतात आणि मग एक खिडकी सरकवावयाची तर ती तीन ठिकाणी सरकवीत बसतात.

येथेच आणखी एक गफलत होते. जुने घर पाडावयाचे आणि नवे बांधावयाचे, हे पर्याय नव्हेत. ते काळाचे टप्पे होत, आणि त्यांची सोय आज्ञावलीत निराळी केलेली आहे. आधी आणि नंतर हा एक भेद, हे किंवा ते हा दुसरा.

दुसरा बिघाड अधिक घातक, कारण तो दिसत नाही. एका संचातील दोन पर्याय एकमेकांना पाहत नाहीत, आणि निरनिराळ्या संचांतील दुय्यम पर्यायही परस्परांना ओळखत नाहीत. बाहेरचा जिना हा एका संचातील दुय्यम पर्याय, आणि उतरते छप्पर हा दुसऱ्या संचातील दुय्यम पर्याय. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष. पण दोन्ही एकदम निवडले तर जिन्याच्या माथ्यावर छपराची कड डोक्यास लागेल काय, हे आज्ञावली आपण होऊन सांगत नाही. त्या जोडीचे स्वतंत्र दृश्य मांडून माणसानेच पाहावे लागते.

आणि तिसरी गोष्ट हिशेबाची. दृश्यात कोणता पर्याय दिसावा हे ठरविता येते, तसेच विटा, दारे, सळ्या यांच्या मोजमापाच्या तक्त्यातही. काही न ठरविल्यास दोन्हींत मुख्य पर्याय येतो. आता समजा, बाहेरच्या जिन्याचा पर्याय आईला दाखवावयाचा म्हणून नकाशाचे दृश्य त्यावर लावले, आणि तक्त्याकडे पाहावयाचे राहून गेले. नकाशा बाहेरचा जिना दाखवितो, तक्ता आतल्या जिन्याचे काँक्रीट मोजतो. कागद दोन्ही स्वच्छ छापलेले, त्यावर नाव एकाच घराचे. गवंड्याच्या हाती नकाशा पडतो आणि कंत्राटदाराच्या हाती तक्ता. पुढचा वाद कोणाच्या खिशातून मिटणार हे सांगावयास नको. म्हणून प्रत्येक नकाशाच्या आणि प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकातच पर्यायाचे नाव असावे, आणि ते 'पर्याय १', 'पर्याय २' असे नसावे. 'जिना आत', 'जिना बाहेर' असे असावे. पुण्याचा धाकटा दूरध्वनीवरून "दुसरा बरा वाटतो" म्हणाला, तर त्याचा दुसरा कोणता हे धारवाडात कोणासही कळत नाही.

परंतु खरा प्रश्न पर्याय मिटवावा केव्हा, हा आहे. संगणकाच्या पडद्यावर सर्व प्रश्न सारखेच उघडे दिसतात. फरशीचा रंग आणि पायाची खोली, दोन्ही बोटाच्या एका दाबाने बदलतात. जमिनीवर तसे नाही. हुबळीपासून नवलगुंदकडे पसरलेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तीवर साधा उथळ पाया टिकत नाही. रुडकीच्या संशोधनसंस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले लहान पायखांब अशा जमिनीत घालतात. त्यांची संख्या आणि खोली वर येणाऱ्या भारावर ठरते. तेव्हा वरचा मजला होणार की नाही, आणि जिन्याचा भार कोणत्या खांबांवर येणार, हे प्रश्न पाया खणण्यापूर्वी मिटलेच पाहिजेत. छपराचा प्रश्न भिंती वर येईपर्यंत थांबेल, पण भिंतींची उंची त्यावर अवलंबून असेल तर तोही थांबणार नाही. फरशीचा रंग खुशाल शेवटपर्यंत थांबेल. प्रत्येक संचासमोर तो मिटविण्याची तारीख लिहून ठेवणारे वास्तुरचनाकार थोडे आढळतात. परंतु जे लिहितात त्यांच्याकडे मालकाचे भांडण कमी होते, असा माझा अनुभव आहे. महापालिकेकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशात तर दोन जिने दाखविताच येत नाहीत. निदान तेथे तरी घराने एक उत्तर द्यावेच लागते.

निर्णय झाला की आज्ञावलीस मुख्य पर्याय स्वीकारण्याची आज्ञा द्यावयाची. तो भाग सामाईक प्रतिकृतीत मिसळतो, संच नाहीसा होतो आणि उरलेले पर्याय पुसले जातात. पुष्कळांचा हात येथे अडखळतो आणि मेलेले पर्याय फाईलीत वर्षानुवर्षे पडून राहतात. गच्चीवरच्या सळ्यांचीच ही दुसरी जात. भीती अगदी अनाठायी नाही, कारण पुसलेले परत मिळत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. आज्ञा देण्यापूर्वी फाईलीची एक प्रत तारखेसह बाजूस ठेवावी, आणि तीबरोबर चार ओळींची नोंद: काय निवडले, कोणी निवडले, कशासाठी. ती प्रत बहुधा कोणी उघडीत नाही. नोंद मात्र उघडतात.

आपल्या उदाहरणातील घराचा जिना, समजा, बाहेर ठरला, कारण आईने भाड्याची बाजू घेतली. तरीही धाकट्यासाठी एक गोष्ट करता येते. आतल्या जिन्यासाठी योजलेल्या जागी स्लॅबमध्ये चारी बाजूंनी तुळया घालून मधला चौकोन वेगळा ओतावा, आणि वरच्या भिंतीत दाराच्या मापाचा लिंटेल घालून खालची जागा विटांनी भरावी. खर्च थोडा वाढतो. पण तो आकडा निर्णयाच्या दिवशीच मोजमापाच्या तक्त्यात येतो, गवंड्याच्या नकाशात येतो, आणि दहा वर्षांनी तो मुलगा पुण्याहून परतलाच, तर भिंत कोठे फोडावयाची हे त्या नकाशावरून कोणीही सांगू शकेल.